पाच हजारांच्या आत

ॲनामावशीचं नाव स्क्रीनवर दिसलं तेव्हा इग्नेशियसला आधी बरंच वाटलं. सकाळपासून तो अनोळखी नावं वाचत होता, मल्याळी, फिलिपिनो, इजिप्शियन, पंजाबी, आणि त्या गर्दीत एकदम वसईचं माणूस समोर उभं राहावं तसं ते नाव आलं. ॲना डाबरे, हॉटेल लाँड्री, तीन हजार दोनशे दिरहम. म्हणजे पंचाहत्तर-ऐंशी हजार रुपये, त्याच्या डोक्याने सवयीने हिशेब केला. तो खुर्चीत जरा मागे रेलला. खिडकीबाहेर दुबई मरीनाच्या पाण्यावर ऊन इतकं पांढरं पडलं होतं की पडदा ओढलेला असूनही त्याची कड डोळ्यात शिरत होती. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरी धुणारी मावशी शेअर घेते आहे, आणि तेही आपण काम करतो त्या कंपनीतून, या विचाराने त्याला आपल्या कामाबद्दल एक साधा, थोडा बाळबोध अभिमान वाटला. मग त्याने बोट खाली सरकवलं. मावशीच्या खाली प्रेस्टन होता, ट्रॅव्हल एजन्सीतला. त्याच्या खाली प्रेस्टनचा साडू. त्याच्या खाली जेबेल अलीच्या चर्चमध्ये मराठी मिस्साला गिटार वाजवणारा तो उंच मुलगा. मावशी सोडून एकूण आठ जण, आठही वसईचे, आठही एकाच संध्याकाळी आलेले, आणि प्रत्येकाची रक्कम चार हजार नऊशे. पाच हजारांच्या जरा आत. त्याचं बोट थांबलं. मघाचं बरं वाटणं कुठे गेलं ते त्याला शोधूनही सापडेना.

कारण पाच हजार हा आकडा जगात फक्त तीन माणसांना ठाऊक होता. एक तो स्वतः. दुसरी त्याची वरिष्ठ, तहसीन परकार. आणि तिसरी जेनेल, त्याची बायको.

त्याची कंपनी नव्या धंद्यांसाठी सामान्य लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करायची आणि बदल्यात लोकांना त्या धंद्याचे शेअर मिळायचे. बहुतेक वेळा पैसे जमता जमता नाकी नऊ येत. पण या वेळी उलट झालं होतं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या, म्हणजे डीआयपीतल्या, एका छोट्या कारखान्याने उन्हात काम करणाऱ्यांसाठी थंड राहणारं जॅकेट बनवलं होतं. डिलिव्हरीची मुलं ते घालून फिरताना लोकांनी पाहिलं होतं, आणि कारखान्याने वीस लाख दिरहम मागितल्यावर पन्नास लाखांचे अर्ज आले. शेअर तेवढेच, मागणारे अडीचपट. मग कुणाला किती द्यायचे? आधी येईल त्याला आधी म्हटलं तर दिवसभर फोन हातात असणारे ऑफिसवाले सगळं घेऊन जातात आणि ड्यूटीवरचा माणूस संध्याकाळी येऊन हात चोळत बसतो. सगळ्यांचं सारख्या प्रमाणात कापलं तर पन्नास हजारवाल्याला वीस हजार उरतात, पण हजारवाल्याच्या हातात चारशे येतात, आणि चारशेत माणसाला आपण कशाचे मालक झालो असं वाटत नाही. यावर इग्नेशियसने कितीतरी दिवस विचार केला होता. शेवटी त्याने ठरवलं: पाच हजारांपर्यंतच्या सगळ्या अर्जांना पूर्ण द्यायचं, आणि उरलेलं मोठ्यांमध्ये प्रमाणात कापून वाटायचं. राउंड, म्हणजे पैसे गोळा करण्याची ही फेरी, बंद होईपर्यंत हे बाहेर सांगायचं नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याने केलेल्या गोष्टींपैकी ही एक गोष्ट त्याला पुरती स्वच्छ वाटली होती.

आणि म्हणूनच त्याने ती घरी सांगितली. डीआयपीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, जेवताना. जेनेलने सहज विचारलं होतं, आज काय केलंस? ती असं फार क्वचित विचारायची, म्हणजे हल्ली. तिच्या हॉटेलच्या एचआरमधली भांडणं ती सांगायची आणि तो ऐकायचा, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज पडला होता. त्या दिवशी तिने विचारलं आणि त्याला एकदम किती सांगू असं झालं. ताटातले बोंबील गार झाले तरी तो बोलत राहिला. नियम आधी का सांगायचा नसतो, हेही त्याने समजावलं. ‘सांगितला ना, की मोठा माणूस दहा लहान माणसं होऊन येतो,’ तो म्हणाला होता, आणि जेनेल हसली होती, मान मागे टाकून, लग्नाआधी हसायची तशी. ते हसू त्याला पुढे दोन दिवस पुरलं होतं. आता स्क्रीनसमोर बसून त्याला कळलं की ते हसू आपण कशाने विकत घेतलं. तिने भावाला सांगितलं असणार. केनेथला. मुद्दाम सांगितलं असेल, की बोलता बोलता, नवऱ्याचं कौतुक म्हणूनही सांगितलं असेल. त्याने पेमेंटची बाजू उघडली. नऊही अर्जांचे पैसे एकाच खात्यातून आले होते. खातं केनेथचं होतं.

कंपनीचा कायदा अगदी सोपा होता. पैसे अर्जदाराच्या स्वतःच्या खात्यातून यायला हवेत, नाहीतर अर्ज रद्द करता येतो. करता येतो, करावाच लागतो असं नव्हे. या दोन शब्दांच्या मधल्या फटीत इग्नेशियस त्या दिवशी जेवणापर्यंत बसून राहिला. त्याला वडील आठवत होते. वसईतल्या गासला, त्यांच्या गावी, पाच घरांत मिळून एक बावखल होतं, बागांना पाणी देणारं तळं, आणि त्यावरच्या पाण्याच्या मोटारीची किल्ली वडिलांकडे असायची, कारण पाचही घरांना एकमेकांवर भरवसा नव्हता पण त्यांच्यावर होता. प्रत्येकाची पाळी ठरलेली. एका मेमध्ये पाणी पार तळाला गेलं आणि धाकट्या काकाची विधवा बायको अर्धा तास जास्त मागायला आली. तिची पानवेल वाळत होती. वडील नाही म्हणाले. चिडून नव्हे, शांतपणे, पाळी म्हणजे पाळी असं म्हणून त्यांनी किल्ली कमरेला खोचली. तिची वेल गेली. पण त्याच मेमध्ये त्यांची स्वतःची केळीही गेली, आणि आईने आपल्यासाठी मागितलेला अर्धा तासही त्यांनी दिला नव्हता. इग्नेशियसला लहानपणी हे फार मोठं वाटायचं. आईला वाटत नसे. वडील गेले तेव्हा दफनानंतर लोक म्हणाले, सरळ माणूस होता, आणि कॉफी घेऊन लवकर लवकर पांगले. मोकळ्या अंगणाकडे बघत आई म्हणाली होती, ‘त्याला सगळे सारखेच होते रे. म्हणजे कोणीच त्याचं नव्हतं.’ हे वाक्य तिने रडत म्हटलं असतं तर तो विसरला असता. ती खुर्च्या आवरताना म्हणाली होती.

जेवणानंतर तो तहसीनच्या केबिनमध्ये गेला. तहसीनचं घराणं रत्नागिरीचं, तिचा जन्म शारजाचा. तिच्या मराठीत हिंदी आणि इंग्रजी असं मिसळलेलं असे की ती नेमक्या कुठल्या भाषेत रागावते आहे ते कळत नसे. त्याने तिला सगळं सांगितलं. नऊ अर्ज, एक खातं, खातं आपल्या मेव्हण्याचं, आणि आकडा बाहेर गेला तो आपल्याच तोंडून. त्याने तयारी केली होती. वॉर्निंग मिळेल, राउंड काढून घेतील, कदाचित नोकरीच जाईल, आणि यातल्या प्रत्येक शिक्षेची त्याला कुठेतरी ओढही लागली होती. तहसीनने पेनाचं टोपण लावलं.

‘हे शेवटचं मी ऐकलंच नाही. खलास,’ ती म्हणाली. ‘आणि बाकीचंही सोडून दे. बेचाळीस हजार म्हणजे या राउंडमध्ये काय आहे? कुछ भी नहीं.’

त्याने नियमाची आठवण करून दिली. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, कीव करावी की हसावं हे ठरत नसल्यासारखं. मग तिने फुजैराच्या हनीफभाईंचं नाव घेतलं. हनीफभाई जहाजांना तेल पुरवण्याच्या धंद्यात होते, गावाच्या नात्याने तिच्या वडिलांचे मित्र. राउंड उघडायच्या आधीच त्यांच्यासाठी दोन लाख दिरहमचे शेअर बाजूला काढून ठेवले होते. इग्नेशियसला ते माहीत होतं. हनीफभाई ऑफिसला आले होते तेव्हा त्याने स्वतः त्यांना जॅकेट घालून दाखवलं होतं, आणि त्यांनी मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवून, गाव कोणतं, मुलं किती, असं विचारलं होतं.

‘तेव्हा तू गप्प होतास,’ तहसीन म्हणाली.

‘ते डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं आहे. मोठ्या गुंतवणूकदारासाठी राखीव म्हणून.’

‘हो. बारीक अक्षरात.’ तिने पुन्हा लॅपटॉप ओढला. ‘तुला काढायचे तर काढ ते नऊ. तुझा हक्क आहे. पण त्यामुळे राउंड स्वच्छ होणार आहे असं मात्र समजू नकोस.’

तो आपल्या जागेवर परतला. आठ नावांबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. केनेथला चाळीस हजार घालायचे होते आणि सरळ मागितले असते तर कापाकापीत निम्मेही मिळाले नसते, म्हणून त्याने चर्चमधली माणसं गोळा केली. ठीक. पण नववं नाव त्या रांगेत नीट बसत नव्हतं. चार हजार नऊशे, चार हजार नऊशे, आणि मध्येच तीन हजार दोनशे. हा आकडा हिशेबी माणसाचा नव्हता. तो कुणाच्या तरी कपाटातून आलेला आकडा होता, साठवत साठवत जिथे थांबला तिथे थांबलेला. इग्नेशियसला हे दिसलं. पुढेही त्याने स्वतःशी कितीही वाद घातला तरी हे तो नाकारू शकला नाही की त्या दुपारी त्याला हे स्पष्ट दिसलं होतं. मावशीचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता. ‘मावशी, पैसे तुझेच का?’ एवढं विचारायचं होतं. त्याने फोन उचललाही. मग त्याच्या डोक्यात सफाईदार कारणं एकामागून एक येऊन बसू लागली. एकीला विचारलं तर आठांना का नाही? ओळखीच्या बाईला फोन करून वाचवणं आणि ओळखीचा म्हणून केनेथला सोडून देणं यात फरक काय? आणि केनेथ चलाख आहे, संशय येऊ नये म्हणून एखादा आकडा वेगळा टाकलाही असेल. कारणांच्या तळाशी जे होतं त्याकडे त्याने पाहिलं नाही. ती हो म्हणाली असती तर आपल्या हातून होणाऱ्या या स्वच्छ गोष्टीवर डाग पडला असता, आणि तो त्याला नको होता. त्याने नऊ नावांवर खूण केली आणि रद्द केली. स्क्रीन क्षणभर पांढरी झाली आणि यादी पुन्हा आली, नऊने आखूड, आणि ती इतकी सरळ, इतकी निर्दोष दिसत होती की त्याला खरोखर हलकं वाटलं.

राउंड बंद झाली, शेअर वाटले गेले, नियम जाहीर झाला. लहान गुंतवणूकदारांना पूर्ण वाटा, असं कंपनीने मोठ्या अक्षरात लिहिलं आणि लोकांनी कौतुक केलं. वरच्या मंडळींनी इग्नेशियसला बोलावून हात मिळवला. घरी मात्र वेगळंच होतं; पैसे परत आल्याचा मेसेज केनेथच्या फोनवर पोचला होता. केनेथने त्याला फोन केला नाही, बहिणीला केला. जेनेलने ते इग्नेशियसला सांगितलं नाही, पण त्या संध्याकाळी ती त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलली, जास्त नम्रपणे. भात हवा का, चहा ठेवू का. लेक क्रिस्टिना दोघांच्या मधून फोनमध्ये डोकं घालून जात-येत होती. एकदा थांबून तिने विचारलं, ‘डॅड, आर यू गाइज ओके?’ तो मराठीत म्हणाला, आम्हांला काय झालंय? ती ‘व्हॉटेव्हर’ म्हणून खोलीत गेली. त्याला वाटलं होतं, भांडण होईल. भांडणासाठी त्याच्याकडे सगळे मुद्दे तयार होते. तूच माझा विश्वास मोडलास, माझी नोकरी जाऊ शकली असती, तुझ्या भावाने आठ जणांची नावं खोटी वापरली. त्यातला प्रत्येक मुद्दा खरा होता. तो खिशात पैसे घेऊन बंद दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसासारखा दिवसभर ते मुद्दे घेऊन घरात फिरत राहिला.

रविवारी दुपारी ॲनामावशी आली. तिच्या हॉटेलच्या स्टाफची बिल्डिंग डीआयपीतच, दहा मिनिटांवर, पण जूनच्या उन्हात दहा मिनिटं चालून तिचा चेहरा लाल झाला होता. ती जेनेलच्या आईच्या गावची, म्हणून मावशी. इग्नेशियस नवा नवा इथे आला तेव्हा बॅचलर खोलीत तिनेच सुकट आणि लोणचं पोचवलं होतं. जगात त्याला ‘इनास’ म्हणणारं तिच्याखेरीज आता कुणी उरलं नव्हतं. ती पाणी प्यायली, क्रिस्टिनाची चौकशी केली, गुडघ्याची तक्रार केली. मग केनेथने आपले पैसे परत आणून दिले ते सांगितलं, अगदी साधेपणाने, जणू चूक कुठेतरी पोस्टात झाली आहे आणि इनास ती दुरुस्त करील.

ती सांगत गेली तसं इग्नेशियसला सगळं कळलं. गेल्या उन्हाळ्यात कारखान्याने हॉटेलला काही जॅकेटं महिनाभर वापरून बघायला दिली होती. लाँड्रीत इस्त्रीच्या मोठ्या यंत्रापाशी वाफ इतकी असते की मुली चक्कर येऊन पडतात. मावशीने ते जॅकेट महिनाभर घातलं. पाठीला गार लागायचं, ती म्हणाली, आणि हे सांगताना तिने नकळत खांदे मागे घेतले. महिन्यानंतर हॉटेलने जॅकेटं परत केली; परवडत नाहीत म्हणाले. पुढच्या वर्षी तिची नोकरी संपते, व्हिसा संपतो, ती घरी जाणार. इथून काय घेऊन जायचं? सोनं मुलींना देऊन झालं. मग केनेथ एकदा सगळ्यांसमोर म्हणाला की त्या जॅकेटवाल्यांच्या कंपनीत आपल्यालाही मालक होता येतं. तिने कपाटातले होते तेवढे काढून त्याच्या हातात ठेवले. तिला फोनवरून भरता येत नव्हते, म्हणून त्याच्या खात्यातून गेले.

‘बाकीच्यांचं मला ठाऊक नाही, इनास,’ ती म्हणाली. ‘पण ते तीन हजार दोनशे माझे होते.’

तो तिला समजावू लागला. नियम, खातं, एकाच ठिकाणाहून आलेले पैसे. तो बोलत होता आणि ती मान हलवत होती, डॉक्टर इंग्रजीत बोलताना पेशंट हलवतो तशी. मध्येच तो थांबला, कारण त्याला आपला आवाज ऐकू आला, शांत, न चिडलेला, आणि तो कुणाचा होता हे त्याला ओळखू आलं. मावशी उठली. जाते म्हणाली. केनेथवर रागावू नकोस, पोर धडपड्या आहे, असंही म्हणाली. रागाचा एक शब्द तिने काढला नाही. तो काढला असता तर त्याला उत्तर देता आलं असतं.

दार लागलं तशी जेनेल स्वयंपाकघरातून बाहेर आली.

‘केनेथचं चुकलं,’ ती म्हणाली. ‘माझंही चुकलं. मी तुझं कौतुक करत होते त्याच्याजवळ, त्यात ते बोलून गेले. ते माझ्याकडे राहू दे. पण तू मावशीला एक फोन का नाही केलास?’

‘एकीला केला असता तर आठांना करावा लागला असता.’

‘मग करायचेस आठ.’

एवढंच ती बोलली. एवढं सोपं उत्तर त्याच्या सगळ्या दुपारच्या विचारात एकदाही कसं आलं नाही, याचं त्याला नवल वाटलं. आठ फोन. अर्धा तास. त्या रात्री तो झोपला पण सकाळी उठल्यावर त्याला वाटलं की झोपेतही आपण कुणाला तरी काहीतरी समजावत होतो.

सोमवारी तो तहसीनकडे गेला आणि त्याने मागितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणासाठी तरी मागितलं, आणि मागताना त्याला इतकी लाज वाटली की तो बसलासुद्धा नाही. एक बाई आहे, तीन हजार दोनशे, पैसे खरोखर तिचेच होते. आता ती स्वतःच्या खात्यातून भरील. तहसीनने नाव विचारलं. एकाचं पेमेंट बाऊन्स झालं होतं, तिथे जागा होती. तिने टाइप केलं, एक बटण दाबलं, आणि त्याच्याकडे वर पाहिलं.

‘झालं. बघ, किती सोपं असतं,’ ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. उलट त्यात एक आपुलकी होती, जी त्याने तिच्याकडून आजवर अनुभवली नव्हती. उंबऱ्यावर घुटमळणाऱ्या माणसाला या की आत, असं म्हणावं तशी.

पण बाऊन्स झालेली जागा रिकामी नव्हती. अशा जागांसाठी, राउंड बंद झाल्यावर आलेल्या अर्जांची, वेटिंग लिस्ट होती, आणि तिचा क्रमही त्यानेच लावला होता. जागेवर बसल्यावर त्याने ती उघडली, न उघडता राहवलं नाही म्हणून. सगळ्यात वर रुकय्या नावाची कुणी बाई होती. अजमान. तीन हजार दिरहम. बाकी काही नाही. तो त्या नावाकडे बघत राहिला आणि तिचा चेहरा उभा करू लागला. नर्स असेल, कुणाच्या घरी मुलं सांभाळणारी असेल, शिक्षिका असेल. काही उभं राहीना. प्रत्येक वेळी तिथे मावशीचाच लाल झालेला चेहरा येई, खांदे मागे घेतलेली मावशी, आणि तिच्यापुढे ते तीन अक्षरी नाव पुसट होत जाई. एरवी त्याच्यासाठी सगळीच नावं अशी असत, बिनचेहऱ्याची, आणि म्हणून त्याला सगळ्यांशी नीट वागता येत असे. हे त्याला आत्ता, या वयात, कळत होतं. नियमाप्रमाणे रुकय्याला ईमेल गेला. त्याचा मजकूर त्यानेच कधीतरी लिहिला होता: आपण प्रतीक्षा यादीत होता, खेद आहे, या वेळी जागा उपलब्ध होऊ शकली नाही. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. लोक अशा ईमेलला उत्तर देत नाहीत, पण तिने दिलं होतं, दोन ओळींचं. हरकत नाही, तुमची पद्धत पारदर्शक आहे याचं समाधान वाटलं, पुढच्या वेळी इन्शाल्ला. त्याने ते दोनदा वाचलं. मग आलेली उत्तरं ज्या फोल्डरमध्ये ठेवायची त्यात ठेवलं.

मावशीला त्याने स्वतः जाऊन सांगितलं. त्याला वाटलं होतं तिला थोडा संकोच वाटेल, ती विचारील की हे कसं झालं. तिने काहीच विचारलं नाही. तिने त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला आणि म्हणाली, मला ठाऊक होतं, इनास करील. नंतर तिने सगळ्यांना सांगितलं. लाँड्रीत, बसमध्ये, फोनवरून गावाला. घरात जेनेलची नम्रता एका संध्याकाळी आपोआप गळून पडली. तिने त्याला न विचारता भात वाढला, आणि एचआरमधलं भांडण सांगायला सुरुवात केली. तो ऐकत राहिला. ते इतकं बरं वाटलं की त्याने आणखी भात मागून घेतला.

महिन्याच्या शेवटच्या मराठी मिस्साला ते तिघं गेले. मिस्सा संपल्यावर लोक नेहमीप्रमाणे आवारातल्या सावलीच्या पट्ट्यात दाटीवाटीने उभे राहिले. इतकी वर्षं इग्नेशियस त्या दाटीच्या कडेला उभा राहत आला होता. लोक त्याच्याशी अदबीने दोन शब्द बोलून आत वळायचे. त्या दिवशी मावशीने त्याला दंडाला धरून मध्ये नेलं. ‘यानेच माझं काम केलं,’ ती म्हणाली. माणसं त्याच्याकडे वळली. केनेथ पुढे आला. इग्नेशियसने स्वतःला आवळून घेतलं, पण केनेथच्या तोंडावर राग नव्हता, हिशेब नव्हता. त्याने मिठी मारली.

‘भावोजी, तुम्ही मावशीसाठी केलंत ना, मग माझं सगळं मिटलं,’ तो म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणत होता.

बाकीच्या आठांपैकीही बरेच जण तिथे होते. नावं खोटी वापरली म्हणून त्याने ज्यांना कापलं होतं ते, आणि त्यांपैकी एकाच्याही डोळ्यांत त्याला अढी दिसली नाही. नियम लावला तेव्हा ते त्याला घाबरून होते. नियम मोडला तेव्हा त्यांनी त्याला माफ केलं. कुणीतरी त्याच्या हातात थंड ज्यूसचा ग्लास दिला. कुणीतरी गासच्या घराची चौकशी केली. त्याला वाटलं, आपण आता या सगळ्यांना सांगावं, त्या जागेवर हक्क दुसऱ्या कुणाचा होता म्हणून. त्याने तोंड उघडलंही. पण इतकी माणसं एकाच वेळी त्याच्याकडे हसऱ्या तोंडाने बघत आहेत असं त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. जेनेल त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली होती आणि तिचा खांदा त्याच्या दंडाला टेकला होता. तो ज्यूस प्यायला.

प्रेस्टन गर्दीतून वाट काढत जवळ आला. त्याने आवाज खाली आणला, तरी फार नाही, कारण लपवण्यासारखं त्यात त्याला काही वाटत नव्हतं. पुढची राउंड कधी आहे, त्याने विचारलं. त्याचे सासरे रिटायर झाले आहेत, थोडे पैसे आहेत, कुठेतरी नीट लागावेत एवढंच.

‘म्हणजे तुम्ही आहात, म्हणून विचारतो,’ तो म्हणाला.

इग्नेशियसने एकदा जेनेलकडे पाहिलं. ती मावशीच्या ओढणीची पिन नीट लावून देत होती.

‘फोन कर मला,’ तो म्हणाला. प्रेस्टनने खिशातून मोबाइल काढला. मागून आणखी दोघांनी आपापले काढले, आणि इग्नेशियस सगळ्यांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने, एकेक आकडा सुटा करून, आपला नंबर सांगू लागला.